पडद्याच्या गाडीतला पायगुण

सगळं गाव मैदानाकडे पाठ करून उभं होतं. हॉकीचा सामना सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती, दोन्ही संघ मैदानात उतरले होते, आणि आमची टाकळवाडी मात्र ज्वारीच्या कडेला उभ्या असलेल्या एका बैलगाडीला हात जोडत होती. गाडीला चारी बाजूंनी लाल पडदा होता. बायका चाकाला हळदकुंकू लावत होत्या. म्हातारे चाकाखालची माती चिमटीनं उचलून कपाळाला लावत होते. आमचे अकरा खेळाडू ओळीनं येऊन आपापली स्टिक गाडीच्या जुवाला टेकवून जात होते. एका बाईनं आपलं किरकिरं पोरही चाकाला टेकवून आणलं. ते आणखी जोरात रडायला लागलं, पण त्याच्याकडे कोण बघतो?

पडदा किंचित सरकला. आतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात एक पितळी मेडल चमकलं.

"खेळा!" आतून आवाज आला. "मी बसलोय!"

"चँपियन बसलं! चँपियन बसलं!" गाव ओरडलं, आणि मी शिटी मारली.

मी टाकळवाडीचा पोस्टमास्तर. सोनईपासून तीन कोसांवरच्या या गावात चालणारं घड्याळ एकच होतं आणि ते माझ्या मनगटावर होतं. त्यामुळे सामन्याची वेळ लावण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. माझ्या शेजारी मिशनच्या शाळेतल्या हन्नाबाई वही घेऊन बसत. कोणत्या मिनिटाला कुणी गोल केला ते त्या लिहीत. त्यांचा स्वभावच असा की, डोळ्यांना दिसलं ते लिहायचं आणि न दिसलेलं लिहायचं नाही. गावाला हा स्वभाव फारसा रुचत नसे.

आता तुम्ही विचाराल, टाकळवाडीत हॉकी आली कुठून? ती जॉर्जनं आणली. जॉर्ज लढाईत फौजेची मोटार चालवायला गेला होता. लढाई संपल्यावर तो दोन स्टिका आणि एक चेंडू घेऊन गावी परतला. बाकीच्या स्टिका त्यानं बाभळीच्या केल्या. खळं करतात तसं गावच्या माळावर पाणी मारून, बैल फिरवून, शेणानं सारवून त्यानं मैदान केलं. रोज दिवस उगवायच्या आत तो पोरांना पळवी, मग सगळ्यांकडून मैदान झाडून घेई, आणि मगच चेंडूला हात लावू देई. ख्रिस्ती, मराठे, माळी, सगळ्यांच्या हातात सारखाच खराटा. वर्षभरात आमचा संघ बरा खेळू लागला. पण जॉर्जमध्ये एक मोठी खोट होती. तो कधीच काही जिंकलेला नव्हता.

"फौजेत आमची कंपनी दर साली पहिल्याच सामन्यात हरायची," असं तो स्वतःच हसत सांगे. असं सांगणाऱ्याला कोण किंमत देणार?

त्यातच सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर काकासाहेब नावाचे गृहस्थ गावात अवतरले. डोक्याला भलामोठा फेटा, ओठावर पिळदार मिशा, छातीवर मेडल. हे मेडल दुरूनच बघायचं असे; जवळ गेलं की ते मुठीत घेत. आमच्या आप्पासाहेब पाटलांच्या ओसरीवर बसून त्यांनी जे तोंड सोडलं, ते मी कानांनी ऐकलं आहे.

"झाशीला पलटणीची फायनल जिंकली तेव्हा मी तिथं होतो, पाटील! त्या मैदानाची माती अजून माझ्या जोड्याला आहे. म्हणून मी जोडे पुसत नाही."

जॉर्ज शेजारीच उभा होता. त्यानं नम्रपणे विचारलं, "साहेब, कॉर्नर घेताना समोरच्यानं डाव्या अंगानं मारला, तर अडवायचा कसा?"

"अडवायचाच कशाला? होऊच द्यायचा नाही!" काकासाहेब म्हणाले. "पोरा, हॉकी शिकवायची गोष्ट नाही. अत्तराच्या दुकानात बसलं की अंगाला वास लागतो, तशी ती लागते. चँपियनजवळ बसा, चँपियन व्हा!"

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "आन् मी काय म्हनत हुतो? बैल घेताना आपन पायगुन बघतो, सून आनताना पायगुन बघतो, मंग टीमलाच का न्हाई? जितलेल्या मानसाचा पायगुन पायजे!"

झालं. काकासाहेबांना माझ्या पोस्टाशेजारची खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं आणि पाटलांची पडद्याची गाडी मिळाली. गाडीची मागणी त्यांचीच. चँपियनला दृष्ट लागते म्हणे, म्हणून त्यानं उघड्यावर बसायचं नसतं. गाडी ज्वारीला पाठ लावून उभी करायची. सामना संपेपर्यंत पडदा उचलायचा नाही. पोरांना काही दाखवणं नाही, सांगणं नाही. तीन महिन्यांत या माणसानं स्टिकला हात लावलेला मी पाहिला नाही.

दर शनिवारी सामना होई. दहा सामने झाले, त्यांतले सात आम्ही जिंकले. जिंकलो की पडदा उघडे, आत चँपियन मिशीला पीळ देत बसलेले असत आणि गाव त्यांना खांद्यावर घेई. तीनदा हरलो. तिन्ही वेळा पडदा उचलला तर गाडी रिकामी! चँपियन आपल्या खोलीत घोंगडी पांघरून पडलेले.

"मला उठवलं कुणी?" ते कण्हत विचारत. "मी बसलो असतो तर हरला असता का? कुणाची तरी वाईट पावलं मैदानाला लागली!"

पहिल्या वेळी ती पावलं काळ्या कुत्र्याची निघाली. दुसऱ्या वेळी हन्नाबाईंची छत्री निघाली. छत्रीला पाय नसतात हे मी म्हणून पाहिलं, पण ती म्हणे चँपियनकडे टोक करून ठेवली होती. तेव्हापासून हन्नाबाई काहीही बोलल्या की लोक म्हणत, बाईंना छत्रीचा राग आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. तिसऱ्या वेळी मात्र माणसाची पावलं निघाली.

आमचा गोलकीपर रंगनाथ. माघ लागताच त्याचं लग्न झालं. बायको सोनईची, छबूबाई. अठरा वर्षांची, मोजकं बोलणारी, हसली की अख्ख्या तोंडानं हसणारी. लग्नानंतर चौथ्या दिवशी नेवाशाच्या संघाशी सामना होता आणि रंगनाथनं तीन गोल सोडले. पडदा उचलला तर गाडी रिकामी. काकासाहेबांनी घोंगडीतून हात बाहेर काढून बोट दाखवलं, "गावात नवी पावलं आली आहेत. पांढरी!"

पांढऱ्या पायाची! हा शब्द एकदा बाईला चिकटला की धुऊन निघत नाही. रंगनाथची आई मालनबाई कालपर्यंत सुनेचं कौतुक करत होती, ती आज तिच्या हातचं पाणी प्यायला कचरू लागली. त्यात कॅम्पातल्या फौजी संघाशी मोठा सामना ठरलेला. नगराहून लॉरी भरून संघ येणार, ढाल मिळणार. चावडीत ठरलं की, सामना सुरू व्हायच्या आत छबूबाईनं शिवेबाहेर व्हायचं. माहेरी जायचं. परत कधी यायचं? ते कुणी बोललं नाही.

रंगनाथ उभा राहिला.  "गोल म्या सोडले, आप्पासायेब. तीन रात्री गोंधळात जागलो हुतो, डोळं झाकत हुते माजे. ती तर घरात भाकरी थापत हुती. तिचा काय संबंद?"

"तू गप," मालनबाई म्हणाली. "तुला काय कळतंय?"

मला त्या दिवशी असा संताप आला की हातातली शिटी दातांनी चावली. पण खरं सांगतो, मीही गप्पच बसलो. सरकारी नोकर, परका माणूस, अशी कारणं मनाशी सांगत घरी आलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

सामन्याच्या दिवशी सकाळच्या टपालात पाटलांच्या नावे एक कार्ड आलं. मी ते ओसरीवर वाचून दाखवलं. कॅम्पातून लिहिलं होतं की, संघाबरोबर सुभेदार आमोस येत आहेत, ते झाशीच्या त्या फायनलमध्ये स्वतः खेळले आहेत, आणि आपल्याकडच्या चँपियनना भेटायला उत्सुक आहेत.

"आता दोन चँपियन भेटनार!" पाटील खूश झाले.

काकासाहेबांनी नुसती मान हलवली. मग मला हळूच विचारलं, "मास्तर, सोनईहून सर्व्हिस मोटार किती वाजता सुटते?"

दुपारी दोनला पाटलांची तीच पडद्याची गाडी निघाली. आधी छबूबाईला सोनईच्या वाटेला वेशीबाहेर सोडायचं, पुढं तिच्या भावानं तिला न्यायचं, आणि तीच गाडी परत येऊन पोस्टाशेजारून चँपियनना घेऊन मैदानावर जायची. एकट्या बाईमाणसाला कसं पाठवायचं म्हणून सोबत हन्नाबाई. गाडी पोस्टासमोर आली तेव्हा मी धावत तिला आडवा गेलो.

"बाई, खोली रिकामी आहे! फेटा नाही, जोडे नाहीत. माझी घोंगडी तेवढी ठेवली आहे. चँपियन पळाले!"

हन्नाबाईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि क्षणभर विचार केला. मग आत वळून विचारलं, "छबू, माहेरी दोन तास उशिरा गेलीस तर चालेल?"

"मला कुठं घाई हाय, बाई?" आतून बारीक आवाज आला.

"मग इथंच बस. काही झालं तरी पडदा उघडायचा नाही आणि बोलायचं नाही. हात तेवढा बाहेर काढ." त्या गाडीवानाकडे वळल्या. "गहिनीनाथ, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

म्हाताऱ्या गहिनीनाथनं बैलांच्या शेपट्या हलवल्या. "मला काय करायचंय? आत कोन हाय, ते बैलांनी कदी इचारलं न्हाई."

गाडी ज्वारीला पाठ लावून उभी राहिली. गाव लोटलं. हळदकुंकू झालं, माती झाली, जुवाला स्टिका टेकवून झाल्या. पडद्यातून हात बाहेर आला. हिरवा चुडा कोपरापर्यंत चढवून वर हन्नाबाईंची शाल गुंडाळली होती, आणि हातात मेडलऐवजी माझ्या पोस्टाचा पितळी शिक्का.

"चँपियन बसलं!"

मी सामना सुरू केला, तेवढ्यात गाडीतून एक शिंक आली. क्षणभर सगळे चपापले. मग पाटील म्हणाले, "चँपियनची शिंक हाय, शुबच असनार!" लगेच सगळ्यांना पटलं. माझी शिंक असती तर मला घरी पाठवलं असतं.

सुभेदार आमोस खुर्चीवर बसून हे बघत होते. "आत कोन हाय म्हनता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "सामना संपल्यावर दर्शन होईल, साहेब."

मालनबाई शिऱ्याची वाटी घेऊन आली. तूप सुटलेला, वेलदोडा घातलेला शिरा. डोक्यावर पदर घेऊन, वाकून तिनं वाटी पडद्याखालून आत सरकवली. "चँपियनसायेब, माज्या रंगनाथाला संबाळा." छबूबाईच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. दोन मिनिटांत वाटी चाटूनपुसून बाहेर आली. "खाल्लं! माज्या हातचं खाल्लं!" मालनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सुनेला इतक्या मानानं तिनं उभ्या जन्मात वाढलं नसतं.

अर्धा वेळ झाला तेव्हा आम्ही एका गोलनं मागे होतो. पोरं भेदरून गाडीकडे बघत होती. गाडी जागेवर होती, पडद्यातून शाल गुंडाळलेला हात दिसत होता. "बसलेत! अजून बसलेत!" एकानं सांगितलं. जॉर्जनं मात्र गाडीकडे पाहिलंही नाही. तो पोरांना म्हणाला, "त्यांचा उजव्या अंगाचा गडी, तो हाफ, दमलाय. चेंडू तिकडूनच न्यायचा. आन् रंगनाथ, आज झोप झालीय न्हवं? मंग पुढं होऊन अडव."

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही उजव्या हाफच्या अंगानं दोन गोल केले. शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक गडी एकटाच चेंडू घेऊन आत घुसला. रंगनाथ मागे न सरकता पुढे धावला आणि गोणपाटाचे पॅड बांधलेल्या पायांसकट त्याच्यासमोर आडवा पडला. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. मी शिटी मारली. दोन विरुद्ध एक!

गाव गाडीकडे धावलं. पुढे मालनबाई, आरतीचं ताट घेऊन. तिनं चाकाला नारळ फोडला, गाडीला ओवाळलं, जुवावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "उगडा आता पडदा! देवमानसाचं पाय बघू द्या!"

हन्नाबाईंनी पडदा ओढला.

आत छबूबाई बसली होती. बोटाला थोडा शिरा लागलेला.

 रंगनाथच्या हातातली स्टिक गळून पडली. मालनबाईच्या ताटातलं निरांजन कलंडलं.

"चँपियन कुठं हायेत?" पाटलांनी विचारलं.

"सोनईच्या मोटारीत," मी म्हटलं. "सुभेदार येणार म्हटल्यावर ते दुपारीच गेले."

"काकासाहेब म्हनजे पिळदार मिशांचा न्हवं?" सुभेदार आमोस हसायला लागले. "अवो, आमी झाशीला फायनल खेळलो तवा तो हुता की तिथं! अर्ध्या वेळेला लिंबं कापायला! लई बारीक कापायचा. मेडलचं म्हनाल तर ते खेचराचं हाय. प्रदर्शनात खेचर पहिलं आलं आन् ह्यानं लगाम धरला हुता."

कुणीतरी हसलं. पाटलांना राग आला. "पर सात सामने जितलो, त्याचं काय? ते बसले तवा जितलो आन् उठले तवा हरलो, ह्ये तर खरं हाय का न्हाई?"

हन्नाबाईंनी वही उघडली. "मी वाचते. वेळ मास्तरांच्या घड्याळाची आहे. पहिला हरलेला सामना. आपण पहिला गोल खाल्ला बाविसाव्या मिनिटाला, दुसरा एकतिसाव्या मिनिटाला. गाडीमागची ज्वारीची कणसं हलली चौतिसाव्या मिनिटाला."

"कनसं?" पाटील गोंधळले.

"गाडीच्या मागून उतरून ज्वारीतून कुणी गेलं तर कणसं हलतात, आप्पासाहेब. नेवाशाचा सामना. तिसरा गोल चाळिसाव्या मिनिटाला, कणसं हलली बेचाळिसाव्या मिनिटाला. तिन्ही सामन्यांत आधी गोल, मग कणसं. पाहुणे उठले म्हणून आपण हरलो नाही. आपण हरायला लागलो म्हणून पाहुणे उठले! आणि शेवगावचा सामना ऐका. आपण मागे होतो, पन्नासाव्या मिनिटाला कणसं हलली. मग आपण दोन गोल केले. सदुसष्टाव्या मिनिटाला कणसं परत हलली, या वेळी गाडीच्या दिशेनं."

"आरं तिच्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हनून त्या दिवशी फेट्यात ज्वारीचं पान हुतं!"

आता मात्र सगळा जमाव हसला. पाटीलसुद्धा मिशीत हसले.

"पर बाई," एक खेळाडू म्हणाला, "चँपियन बसलेत म्हनून आमाला आज धीर तर आला?"

जॉर्जनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आला ना. मंग तो धीर कुनाचा? गाडीत तर शिरा खानारी वैनी हुती."

"अनुभवी माणूस लागतो, मी नाही म्हणत नाही," हन्नाबाई म्हणाल्या. "पण अनुभव शिकवला तरच दुसऱ्याला मिळतो. आपल्या जोड्याची माती दाखवून कुणाला खेळता येत नाही. या संघाला वळण लावलं ते रोजच्या पळण्यानं आणि त्या खराट्यानं. ते लावणारा माणूस एकही ढाल जिंकलेला नाही, म्हणून तुम्हाला तो दिसला नाही."

एवढं सगळं ऐकूनही मालनबाईचं आपलं निराळंच. ती ताट ठेवून पुढे आली आणि छबूबाईच्या पायांवर वाकली. "माज्या सुनंचाच पायगुन गं बाई! लक्षुमी हाय माजी! पाटील, दर सामन्याला हिलाच गाडीत बशिवू!"

छबूबाईनं झटकन पाय मागे घेतले. लग्न झाल्यापासून गावानं तिचा आवाज ऐकला नव्हता, तो तेव्हा ऐकला.

"आत्याबाई, दुपारी ह्ये पाय पांढरे हुते. दोन घटकेत लाल कशानं झाले? गाडीत बसून मुंग्या तेवढ्या आल्यात त्यांना. पाय धरायचे तर तिकडं अकरा जनांचे बावीस पाय हायेत, त्यांचे धरा. पळून पळून फुटलेत." तिनं हातावरची शाल सोडवली.  "मागं पडलो तवा मी काकासाहेबांवानी उठून गेले न्हाई, ते खरं. कुठं जानार हुते? तुमी जायाला जागाच ठेवली न्हवती मला."

मालनबाई उठून उभी राहिली. मग तिनं पदरानं सुनेच्या बोटाचा शिरा पुसला आणि गहिनीनाथला म्हणाली, "गाडी घराकडं घे. सोनईला जायाचं न्हाई."

आता थोडं तुमच्याशी. एका सामन्यानं काही सिद्ध होत नाही, हे हन्नाबाईंनी मला दहादा बजावलं आहे. त्या दिवशी एवढंच ठरलं की पडद्यामागं कोण आहे हे आम्हाला कळलं नाही आणि चेंडूलाही कळलं नाही. तुमच्या गावातही कुणी असा पडद्यात बसून यशाचं श्रेय घेत असेल आणि अपयशासाठी गरिबाच्या लेकीची पावलं शोधत असेल. त्याला हात जोडायच्या आधी एक वही घ्या. आधी काय घडलं आणि मग काय घडलं, ते घड्याळ बघून लिहा. आणि माझ्यासारखं चावडीत गप्प बसू नका.

पाटलांनी तो लाल पडदा काढून टाकला. छबूबाईनं तो दुहेरी करून, आत कापूस भरून रंगनाथला नवे पॅड शिवले. ते बांधून पुढच्याच शनिवारी त्यानं दोन गोल खाल्ले आणि आम्ही हरलो. कुणीही कुणाच्या पावलांचं नाव काढलं नाही. जॉर्जनं दुसऱ्या दिवसापासून त्याला पहाटे एक तास लवकर उठवायला सुरुवात केली.